एकविसाव्या दिवसाचं औषध

१२ फेब्रुवारी १९४१ रोजी ऑक्सफर्डच्या रुग्णालयात अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलीस शिपायाला पेनिसिलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. वय त्रेचाळीस. जंतुसंसर्ग चेहऱ्यावरून डोक्यात आणि फुप्फुसापर्यंत पसरला होता, एक डोळा काढून टाकावा लागला होता. इंजेक्शनं सुरू झाली, ताप उतरू लागला आणि माणूस जेवू लागला. पाचव्या दिवशी पेनिसिलिन संपलं. हॉवर्ड फ्लोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळेल त्या भांड्यांत, अगदी रुग्णालयातल्या बेडपॅनमध्येसुद्धा बुरशी वाढवून महिनोन्महिने जे गोळा केलं होतं, ते सगळं मिळून चिमूटभरच होतं. त्याच्या लघवीतून बाहेर पडणारं पेनिसिलिन प्रयोगशाळेत न्यायचं, गाळून पुन्हा वेगळं करायचं आणि पुन्हा त्यालाच टोचायचं, हेही करून झालं. १५ मार्चला तो गेला.

विज्ञानाच्या पुस्तकांत ही हकिगत एका मोठ्या यशाची पहिली पायरी म्हणून येते. मी ती बऱ्याच उशिरा वाचली आणि रुग्णाच्या खाटेवरून वाचली. मला त्या पाचव्या दिवसाचाच विचार येत राहतो. औषध लागू पडलंय पण उरलेलं नाही, हे त्या माणसाला कोणी सांगितलं असेल का? कोणत्या शब्दांत सांगितलं असेल? औषधच लागू पडत नसेल तर माणूस दैवाला बोल लावतो. पण जे औषध लागू पडतं हे पक्कं ठाऊक आहे, जे वर्षानुवर्षं आपल्या अंगात मुरलंय, ते दुकानातून नाहीसं झालं की दैवाचं नाव घेववत नाही. कारण ते कोणीतरी बनवायचं असतं आणि कोणीतरी बनवलेलं नसतं.

मला संधिवाताचा ताप आला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. आधी घसा दुखला. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, हळदीचं दूध झालं, घसा बरा झाला आणि सगळे विसरून गेले. दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजला. गुडघा उतरला तर घोटा धरला, घोटा सुटला तर मनगट. पोर वाढतेय, अंग दुखायचंच, असं आजीचं म्हणणं. गावातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. आई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती, ते मला अजून आठवतं.

हा आजार घशातून सुरू होतो. स्ट्रेप्टोकोकस जातीच्या जंतूंशी लढता लढता शरीराची ओळख पुसट होते आणि ते स्वतःच्याच सांध्यांवर, हृदयाच्या झडपांवर उलटतं. सांधे बरे होतात, मागे काही राहत नाही. झडप मात्र प्रत्येक हल्ल्यागणिक जाड होत जाते, आखडते किंवा गळू लागते. पहिला हल्ला बहुतेक ५ ते १५ या वयात होतो, आणि एका खोलीत जिथे पाच-सात माणसं झोपतात तिथे जास्त होतो. श्रीमंत देशांनी विसाव्या शतकातच तो जवळजवळ हद्दपार केला. तिथेही तो उरलाय तो ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी वस्त्यांत, न्यूझीलंडच्या माओरींत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगभर साडेपाच कोटी माणसं या हृदयविकाराने आजारी आहेत आणि दर वर्षी सुमारे ३ लाख ६० हजार दगावतात. आपल्याकडे हृदयविकार म्हटलं की पन्नाशीतला, पोट सुटलेला, धावपळीने दमलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. सरकारी रुग्णालयाच्या हृदयरोग विभागात सकाळी जाऊन बसलं की बाकावर दप्तर मांडीवर घेतलेली मुलं दिसतात.

दुखावलेली झडप पूर्ववत करणारं औषध नाही. फार आखडली तर फुगा घालून रुंद करतात, माझी तशी केलेली आहे. त्याने भागलं नाही तर बदलतात. पण पुढचा हल्ला टाळता येतो, आणि तो टाळण्याचं सगळ्यात भरवशाचं औषध एकच, गेल्या सत्तर वर्षांत न बदललेलं: बेन्झाथिन पेनिसिलिन, १२ लाख युनिट, कमरेत, खोल स्नायूत. ते तिथे साठून राहतं आणि थोडं थोडं रक्तात उतरतं. तिसरा आठवडा संपता संपता त्याची पातळी खाली जाते, म्हणून हा आजार जिथे जास्त तिथे ते दर २१ दिवसांनी द्यायचं असतं. हृदयाला काही झालेलं नसेल तर निदान पाच वर्षं किंवा एकविसाव्या वर्षापर्यंत. झडप दुखावलेली असेल तर चाळिशीपर्यंत, काहींना जन्मभर.

आमच्या घरात भिंतीवरच्या कालनिर्णयात चतुर्थी-एकादशीबरोबर आईने शाईने केलेले गोल असायचे. दिवाळीत गोल आला तर दिवाळीत इंजेक्शन, मावशीच्या लग्नात आला तर हळदीच्या सकाळी. सहलीला मी त्या हिशेबानेच गेले किंवा गेले नाही. पुढे लग्न झालं, नोकरी लागली, तळेगावात बिऱ्हाड झालं, शाळेत शिकवायला लागले, तरी गोल चुकले नाहीत.

हे इंजेक्शन ज्याने घेतलंय त्याला वेगळं सांगायला नको. काचेच्या कुपीत तळाला पांढरी पूड असते. आधी मनगटाच्या वर, कातडीखाली, थेंबभर औषध टोचून बघतात. सिस्टर त्याभोवती बॉलपेनने वर्तुळ काढते आणि आपण अर्धा तास त्या वर्तुळाकडे बघत बसायचं. लाल झालं, खाज आली तर इंजेक्शन नाही. पेनिसिलिनची गंभीर ॲलर्जी क्वचित येते, पण आली तर मिनिटांत जिवावर बेतते. त्या भीतीने कितीतरी खासगी दवाखाने हे इंजेक्शन द्यायलाच तयार नसतात. वर्तुळ कोरं राहिलं की सिस्टर कुपीत पाणी सोडते आणि ती तळहातांत घोळवते. हलवून फेस करायचा नाही, घोळवायची. औषध भाताच्या पेजेसारखं दाट होतं. मग घाई करायची, कारण जरा उशीर झाला तर ते सुईतच अडकतं, सुई बदलावी लागते आणि पुन्हा टोचून घ्यावं लागतं. सुई जाड. औषध आत जाताना दुखतं ते वेगळं आणि रात्री कूस बदलताना दुखतं ते वेगळं. चांगली सिस्टर औषध सावकाश सोडते आणि त्या वेळात काहीतरी विचारत राहते: शाळा कशी चाललीय, मुलं ऐकतात का. माझ्या आयुष्यात अशा पाच-सहा सिस्टर आल्या. त्यांची नावं मी विसरणार नाही.

तर हे औषध एका वर्षी मिळेनासं झालं.

टंचाई कोणी जाहीर करत नाही. धरणातलं पाणी कमी झालं की वर्तमानपत्रात टक्के छापून येतात, नळाला कधी पाणी येणार तेही कळतं. औषधाचं तसं नसतं. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलचे काका वर्षानुवर्षं माझ्यासाठी एक कुपी बाजूला ठेवत आलेले. ते म्हणाले, “ताई, या खेपेला आलं नाही. शुक्रवारी बघा.” शुक्रवारी म्हणाले, “स्टॉकिस्टकडेच नाही.” पुढे एकदा त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. मागणीच्या रकान्यात आकडे होते, त्यापुढचा रकाना खालपर्यंत मोकळा. “वरूनच शॉर्ट आहे,” ते म्हणाले. हा ‘वर’ म्हणजे कोण, ते त्यांनाही माहीत नव्हतं. मग लोकलने चिंचवड, पुण्यात सदाशिव पेठेतली घाऊक दुकानं, मुंबईत नोकरीला असलेल्या भाच्याला प्रिन्सेस स्ट्रीटवर पाठवणं, सांगलीच्या मावशीला फोन. प्रत्येक दुकानात एकच उत्तर, फक्त त्याचा सूर वेगळा. कोणी मनापासून हळहळायचा, कोणी चिठ्ठी न वाचताच मान हलवायचा. एकाने माझ्याकडे दया आल्यासारखं बघितलं आणि म्हणाला, “हे जुनं औषध झालं ना ताई. आता कोण लिहितं? हे न्या, याच्यापेक्षा स्ट्राँग आहे.” त्याने काउंटरवर ठेवलेल्या गोळ्या नव्या, महाग आणि कितीही जंतूंवर चालणाऱ्या अँटिबायोटिकच्या होत्या. चिठ्ठीशिवाय मिळत होत्या.

त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता. पण आपल्या औषधबाजारात काय बिघडलंय ते मला त्या काउंटरवर जितकं स्पष्ट दिसलं तितकं कुठल्या लेखात वाचून कळलं नसतं. माझ्या घशातल्या जंतूला एवढ्या वर्षांत पेनिसिलिनला दाद न देणं जमलेलं नाही. इतकं जुनं, इतक्या नेमक्या जंतूवर चालणारं, इतकं स्वस्त औषध अजून पुरेसं पडतंय, ही केवढी भाग्याची गोष्ट आहे. आणि तेच कपाटात नाही. जे जपून वापरायचं, ज्याला जंतू सरावले तर पुढे हाताशी काही उरणार नाही, ते मात्र कोणालाही, कितीही मिळतंय.

तिसरा आठवडा संपत आला की माझं लक्ष घशाकडे जायला लागलं. रात्री झोपताना एकदा थुंकी गिळून बघायची. सकाळी तोंड धुताना आरशात जीभ बाहेर काढून टॉन्सिल बघायचे. वर्गात पन्नासेक मुलं. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्या पावसाबरोबर सर्दी-खोकला येतो, तो दिवाळीपर्यंत हलत नाही. मागच्या बाकावरचं एखादं पोर खोकलं की माझे कान तिकडे. एरवी ज्या मुलीच्या वहीवर वाकून मी तिचं अक्षर बघितलं असतं, तिला म्हणायचे, वही इकडे टेबलावर आण. मुलांना ते कळलं नाही, याचं मला समाधान आहे. पण शिकवण्याच्या कामात जी जवळीक लागते तिच्यात त्या दिवसांत अंतर पडलं होतं. गुडघ्यात साधी कळ आली तरी काळजाचा ठोका चुकायचा. हल्ला आला असता तर? फुग्याने रुंद केलेली झडप आणखी किती सोसेल, हे विचारायला मी कधी धजावले नाही.

पुण्यातल्या सरकारी रुग्णालयातले डॉक्टर म्हणाले, “तुम्हाला मी गोळ्यांवर टाकतो. कुप्या थोड्या शिल्लक आहेत, त्या मुलांसाठी ठेवल्यात.” पेनिसिलिनच्या गोळ्या दिवसातून दोनदा, रोज, एकही दिवस न चुकता. इंजेक्शनाइतका भरवसा त्यांचा नाही, कारण माणूस विसरतो, कंटाळतो, प्रवासात डबी घरी राहते. डॉक्टरांनी कारणं नीट सांगितली. पहिल्या हल्ल्यानंतरची काही वर्षं सगळ्यात धोक्याची. लहान वयात हल्ला परत येण्याची शक्यता जास्त, वय वाढेल तशी कमी होत जाते. शिकलेली, घड्याळ बघून गोळी घेणारी बाई गोळ्यांवर निभावू शकेल. डोंगरातल्या वाडीवरच्या आठ वर्षांच्या मुलीला रोज दोनदा गोळी कोण देणार, आई-बाप पहाटे कामावर गेल्यावर?

मला ते पटलं. पटलं तरी बाहेर येऊन बाकावर बसल्यावर डोळ्यांत पाणी आलं, हेही खरं. तीस वर्षं ज्या रांगेत उभी आहे, त्या रांगेत मला मागे जायला सांगितलं होतं आणि सांगणाऱ्याचं बरोबर होतं. नंतर कधीतरी फ्लोरींची पुढची हकिगत वाचताना मी थबकले. अलेक्झांडर गेल्यावर त्या मंडळींनी ठरवलं, पुढचे रुग्ण शक्यतो मुलं घ्यायची. मुलाला औषध कमी लागतं, आहे तेवढ्यात तो बरा होऊ शकतो. १९४१ च्या युद्धातल्या इंग्लंडमध्ये, बुरशीतून मिलिग्रॅम-मिलिग्रॅम औषध काढणाऱ्या माणसांना हा हिशेब करावा लागला होता. त्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. माझ्या डॉक्टरांनाही तोच हिशेब करावा लागला, तोही पेनिसिलिनचा कारखाना जिथे उभा राहिला त्या पिंपरीपासून लोकलने जेमतेम अर्ध्या तासावर.

त्या बाकावर माझ्या शेजारी कामशेतच्या पलीकडच्या एका वाडीतली बाई होती, सोबत मुलगी. मुलगी तिसरीत. आईच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद: इको, रक्ताच्या तपासण्या, शाळेत आलेल्या आरोग्य तपासणीच्या पथकाने दिलेली चिठ्ठी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांनी शाळेतच तिच्या छातीतला आवाज ओळखला होता. म्हणजे व्यवस्थेने अवघड काम केलेलं होतं. डोंगरातल्या शाळेत जाऊन, शेकडो मुलांच्या छातीला नळी लावून, नेमकी ही मुलगी शोधून काढली होती. आणि सोपं काम, एक कुपी तिच्या तालुक्याच्या रुग्णालयात पोचवणं, तिथे गाडं अडलं होतं. “तिकडं न्हाई म्हनले, हितं पाठवलं,” आई म्हणाली. येण्या-जाण्यात रोज बुडायचा. मुलीला मात्र लोकलचं अप्रूप होतं. खिडकी मिळाली का, हे ती मला दरवेळी सांगायची.

त्या दिवसांत सिस्टरांनी एक केलं. कमी वजनाच्या मुलांना अर्धा डोस लागतो. छोट्या कुप्या तर कधीच संपलेल्या. म्हणून त्या दोन लहान मुलांना एकाच दिवशी, एकाच वेळी बोलवायच्या, आधीच दोन सिरिंज तयार ठेवायच्या आणि एक मोठी कुपी दोघांत लावायच्या. कोणाचा एकविसावा दिवस मंगळवारी, कोणाचा बुधवारी, याच्या जोड्या त्यांनी वहीत लावलेल्या होत्या. एका मुलाच्या आईला बस मिळाली नाही की दुसऱ्याच्या आईला फोन जायचा. असं काटकसरीने राबणारं माणूस सरकारी खात्यात नसतं असं म्हणणाऱ्यांना मी ती वही दाखवायला तयार आहे.

पुढे कोपऱ्यावरच्या काकांचा फोन आला. “ताई, दोन आल्यात. तुमच्या नावाने ठेवल्यात, कोणाला सांगितलं नाही.” कोणाला सांगितलं नाही, यात त्यांची माया होती आणि त्यातच टंचाई कशी वाढते तेही होतं. ज्याची ओळख आहे, ज्याच्या खिशात चार पैसे आहेत, तो घरात साठा करतो. ज्याला ओळख नाही त्याच्यापर्यंत औषध पोचतच नाही. गोळ्या मला मिळत होत्या, कशाबशा का होईना. दोन्ही कुप्या बिलासकट त्या मुलीच्या आईच्या पिशवीत गेल्या. काकांना मी ते सांगितलं. पुढच्या वेळी त्यांनी रुग्णालयाचाच नंबर मागून घेतला.

औषध का नाहीसं झालं, याचं उत्तर मी शिक्षिकेच्या चिकाटीने शोधत राहिले. पेनिसिलिनसाठी वेगळी इमारत लागते, हवा वेगळी, यंत्रं वेगळी, कारण त्याचा कण दुसऱ्या औषधात गेला तर ॲलर्जी असलेला माणूस दगावू शकतो. म्हणजे त्या जागेत दुसरं काही बनवता येत नाही. एवढं करून विकायचं काय, तर काही रुपयांची कुपी. किंमत सरकारने बांधलेली, आणि ती बांधायलाच हवी, कारण घेणारे गरीब. कच्चा माल मात्र परदेशातून, मिळेल त्या भावाने. असं औषध बनवणारे जगात मोजकेच उरलेत. त्यातल्या एकाचं काम थांबलं की आफ्रिकेतल्या खेड्यापासून मावळातल्या वाडीपर्यंत कुप्या आटतात. २०२४ मध्ये औषधांच्या किमती ठरवणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणाने आठ जुन्या औषधांच्या कमाल किमती निम्म्याने वाढवल्या. त्यात बेन्झिल पेनिसिलिन होतं, माझ्या औषधाचं सख्खं भावंड. कारण सरळ होतं: या भावात परवडत नाही म्हणून कंपन्या ती बनवणं सोडायला निघाल्या होत्या. किंमत वाढली म्हणून मला वाईट वाटलं नाही. वीस रुपयांची कुपी तीसला झाली तर ती सरकारला घेता येते. न बनलेली कुपी कोणत्याच भावाने मिळत नाही.

पण मन अडकतं ते पिंपरीत. तळेगावहून पुण्याला जाताना आकुर्डी, चिंचवड, मग पिंपरी. इथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातला देशातला पहिला औषध कारखाना स्थापन झाला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने, आणि तो पेनिसिलिनसाठीच स्थापन झाला. फ्लोरींच्या रुग्णाचं औषध संपून जेमतेम तेरा वर्षं झाली होती. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, धान्याची मारामार असलेल्या देशाने ठरवलं की हे औषध आपल्याला आपल्या हाताने बनवता आलं पाहिजे, दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवता कामा नये. पुढच्या काही दशकांत देशात पेनिसिलिनचे आणखी कारखाने उभे राहिले. मग चीनमधून स्वस्त पेनिसिलिन येऊ लागलं आणि इथल्या टाक्या एकामागून एक थंड पडल्या. पिंपरीचा कारखाना आजारी उद्योगांच्या यादीत गेला. २०१६ मध्ये देणी भागवण्यासाठी त्याची जास्तीची जमीन विकायला केंद्र सरकारने मंजुरी दिली. बाहेरून स्वस्त मिळतंय म्हणून आपण बनवणं सोडतो, तेव्हा त्या बचतीची किंमत कोण मोजणार हे ठरलेलं असतं. मी त्याच लोकलच्या डब्यात रिकाम्या हाताने परतले आहे, आणि पिंपरी स्टेशन आलं की मला राग येतो. तो राग मी आवरत नाही.

आता चाक थोडं उलटं फिरतंय. २०२० मध्ये केंद्राने औषधांच्या कच्च्या मालासाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आणली. तिच्यातून आंध्रात काकीनाड्याला पेनिसिलिन-जीचा मोठा कारखाना उभा राहिला, २०२४ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. आनंदच आहे. पण पेनिसिलिन-जीचा बहुतेक भाग अमॉक्सिसिलिनसारखी खपाची औषधं बनवण्यात जातो. त्यातली मूठभर रास वेगळी काढून तिची बेन्झाथिनची कुपी करायची, ती निर्जंतुक भरायची, आणि कामशेतच्या पलीकडे पोचवायची, ही शेवटची पावलं कोणत्याही प्रोत्साहन योजनेने आपोआप पडत नाहीत.

आणि हे केवळ गरीब देशांचं दुखणंही राहिलेलं नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत हेच इंजेक्शन दुर्मिळ झालं. तिथे ते प्रामुख्याने सिफिलिससाठी लागतं. गरोदर बाईला सिफिलिस असेल तर पोटातल्या बाळाला वाचवणारं हे एकच शिफारस केलेलं औषध. तिथल्या आरोग्य यंत्रणेने सांगितलं, कुप्या गरोदर बायकांसाठी राखून ठेवा, बाकीच्यांना गोळ्या द्या. पुढे फ्रान्स आणि पोर्तुगालमधून तसंच औषध मागवायला परवानगी द्यावी लागली. ती बातमी वाचताना मला पुण्यातला तो बाक आठवला. तिकडेही कोणीतरी कोणाला तरी रांगेत मागे जायला सांगितलं असणार. फरक एवढाच की तिथे टंचाईचं नाव घेऊन ती सरकारी यादीत लिहिली गेली, रोज बघता येईल अशी. आमच्याकडे काकांच्या पडद्यावरचा मोकळा रकाना, तेवढीच नोंद. २०१८ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने या आजारावर ठराव केला, त्यात बेन्झाथिन पेनिसिलिन खात्रीने मिळेल असं बघा, हे सगळ्या देशांना सांगितलेलं आहे. त्या ठरावाची प्रत मी छापून ठेवली आहे.

सध्या कुप्या मिळतात. मधेच नसतात, पुन्हा येतात. मी इंजेक्शनवर परत आले आहे. ती मुलगी आता पाचवीत गेली, तिच्या झडपेला इजा झालेली आहे, आणि डॉक्टरांच्या हिशेबाने तिला चाळिशीपर्यंत तरी हे घ्यावं लागणार. वर्षाला सतरा-अठरा. म्हणजे तिच्या एकटीच्या नावाने अजून पाचशेच्या वर कुप्या कोणीतरी बनवायच्या आहेत. असे रुग्ण तालुक्यात किती, हे बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या नोंदींत आणि रुग्णालयांच्या वह्यांत लिहिलेलं आहे. त्याचा गुणाकार माझ्या पाचवीच्या वर्गातली मुलं फळ्यावर करून दाखवतील.

जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना आम्ही एक पत्र लिहिलं आहे. मागण्या तीन. रुग्णांच्या यादीवरून वर्षाची गरज काढून ती खरेदीत आधीच नोंदवावी. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात तीन महिन्यांचा साठा शिल्लक असावा. आणि साठा संपत आला तर तो संपण्याआधी रुग्णांना फोन करावा. बाकावर बसणाऱ्या बहुतेकांनी सह्या केल्या, दोघा आजोबांनी अंगठे उठवले, सिस्टरांनी पत्राची भाषा तपासून दिली. पोच मिळाली आहे, उत्तर यायचं आहे. महिनाअखेरपर्यंत आलं नाही तर त्याच सह्यांचं पत्र मंत्रालयात द्यायला मी आणि मुलीची आई मुंबईला जाणार आहोत. रजेचा अर्ज मी टाकला आहे.